वारसास्थळांचा आवाज : बीड जिल्ह्याच्या निमित्ताने

आपल्याकडे ऐतिहासिक वास्तूचे वर्णन करताना पहिला मान डोळ्यांना मिळतो. शिखर किती उंच, खांबांवरील नक्षी किती नाजूक, शिलालेखाची लिपी कोणती, यांची नोंद गॅझेटिअरपासून सहलीच्या माहितीपत्रकापर्यंत सर्वत्र सापडते. त्या वास्तूत उच्चारलेला शब्द कसा ऐकू येतो, तेथे पूर्वी कोणकोणते आवाज होते आणि त्यांपैकी कोणते आज उरले आहेत, याची नोंद मात्र क्वचितच कोणी केलेली असते. वस्तुतः देऊळ असो, मशीद असो वा चर्च असो, या वास्तू पाहण्यासाठी जितक्या बांधल्या गेल्या तितक्याच ऐकण्यासाठीही बांधल्या गेल्या. मंत्रघोष, अजान, कीर्तन, मिस्सा, घंटा आणि नौबत यांच्यावाचून त्यांचे वर्णन करणे म्हणजे सतारीचा दांडा किती लांब आहे एवढेच सांगून थांबण्यासारखे आहे.

गेल्या सत्तर वर्षांत ही उणीव भरून काढण्याचे दोन प्रकारचे प्रयत्न झाले. पहिला प्रकार ध्वनिप्रकाश कार्यक्रमांचा. रात्रीच्या काळोखात वास्तूवर रंगीत झोत सोडायचे आणि ध्वनिक्षेपकांवरून तिची कहाणी ऐकवायची. दुसरा प्रकार ध्वनिशास्त्राच्या अभ्यासकांचा. वास्तूत आवाज कसा फिरतो हे मोजायचे आणि त्या मोजमापांच्या आधारे तेथील जुने आवाज पुन्हा उभे करायचे. या दोन्ही प्रकारांची पारख करणे हा या लेखाचा हेतू आहे. आणि ती पारख बीड जिल्ह्याच्या कसोटीवर करावी, असे मला वाटते.

बीडच का? एक तर हा जिल्हा पर्यटनाच्या राजमार्गावर नाही. वेरूळ-अजिंठ्याकडे जाणारे प्रवासी सहसा इकडे वळत नाहीत. आणि तरीही येथील वारसा सामान्य नाही. बीड शहरात पाण्याने वेढलेले, चालुक्य-यादव परंपरेतील कंकालेश्वराचे मंदिर आहे. शहराजवळ निजामशाही काळातील खजाना विहीर आहे. अंबाजोगाईला हत्तीखाना नावाने ओळखले जाणारे शिवलेणे आहे, मुकुंदराजांची समाधी आहे आणि दासोपंतांची पासोडी आहे. धारूरला आदिलशाही सरदार किश्वरखानाच्या नावाशी जोडलेला किल्ला आहे. देवगिरीचे यादव, निजामशाही, आदिलशाही, मोगल आणि हैदराबादचे निजाम अशा सत्ता या भूमीने पाहिल्या. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. मराठी, दखनी, उर्दू, तेलुगू, कन्नड या भाषा कमीअधिक प्रमाणात येथील लोकांच्या कानांवरून गेल्या. अशा जागेचा आवाज कोणता, हा प्रश्न म्हणूनच सोपा नाही.

दगड कसा बोलतो

प्रथम थोडे शास्त्र पाहू, कारण त्यावाचून पुढील चर्चा अधांतरी राहील.

आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो. समोरची भिंत साधारण १७ मीटरांपेक्षा दूर असेल तर तिच्यावरून परतलेला आवाज मूळ आवाजापासून वेगळा ऐकू येतो; त्यास आपण प्रतिध्वनी म्हणतो. भिंती अनेक असल्या, आणि त्यांच्यावरून परतणारे आवाज एकमेकांत मिसळून मूळ आवाजाची शेपटी लांबवू लागले, की त्यास निनाद म्हणावे. आवाज बंद झाल्यावर त्याची तीव्रता दशलक्षांशापर्यंत उतरण्यास लागणारा वेळ हे निनादाचे माप होय. १८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कोणासच समजेना, तेव्हा वॉलेस सेबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकावर त्याचा छडा लावण्याचे काम आले. शेजारच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या आणून, त्यांची संख्या वाढवत वाढवत, रात्रीच्या शांततेत त्याने मोजमापे केली आणि एक साधा नियम शोधून काढला. वास्तूचे घनफळ जितके मोठे तितका निनाद लांबतो. आवाज शोषणाऱ्या वस्तू जितक्या अधिक तितका तो आखडतो. दगड आवाज फारच थोडा शोषतो. कापड, लाकूड आणि मुख्यतः माणसांचे देह तो पुष्कळ शोषतात.

आपल्या वाचकांना याचा अनुभव आहेच. रिकाम्या चर्चमध्ये शनिवारी दुपारी कोणी बाक सरकवला तर तो आवाज छतापर्यंत जाऊन रेंगाळतो. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला तेच चर्च गच्च भरलेले असताना मोठा आवाजही लवकर विरतो. जुन्या दगडी चर्चचा लांब निनाद लॅटिन गायनाला पोषक होता, कारण त्या गायनात स्वर सावकाश एकमेकांवर विसावतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासना लोकभाषेत आली, प्रत्येक शब्द कळणे अगत्याचे झाले, आणि त्याच निनादाची अडचण वाटू लागली. मग ध्वनिक्षेपक आले. आपल्या उपासनेच्या इतिहासातील हे स्थित्यंतर भिंतींनीही अनुभवले आहे, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

आता हाच नियम घेऊन बीड जिल्ह्यात येऊ. अंबाजोगाईचे हत्तीखाना लेणे खडकातच कोरलेले आहे. आत खांबांच्या रांगांवर पेललेला मंडप, पुढे मोकळे अंगण, अंगणात नंदीमंडप आणि दगडी हत्ती. मागे आणि वर आवाज परतवणारा अखंड खडक, मध्ये तो आवाज फोडून विखुरणारे खांब, आणि पुढे त्यास वाट देणारे आकाश अशी ही रचना आहे. बंद गुहेत शब्द शब्दावर आदळतो आणि उघड्या माळावर तो विरून जातो. येथे या दोन्ही टोकांच्या मधली जागा आहे. कंकालेश्वराची गोष्ट निराळी. तीन गर्भगृहे एका सामाईक मंडपाला जोडलेली, आणि भोवती पाणी. शांत पाण्याचा पृष्ठभाग आवाज जवळजवळ शोषतच नाही. पाण्यालगतची हवा वरच्या हवेहून थंड असली म्हणजे आवाज खाली वळतो आणि दूरवर स्पष्ट जातो. पाण्यातल्या मंदिराची घंटा काठावरच्या माणसाला कशी ऐकू येत असेल, याचा विचार करताना हे दोन्ही नियम ध्यानात घ्यावे लागतात. खजाना विहिरीची तर गोष्टच पाण्याची आहे. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या काळात सलाबतखानाने ती बांधविली, आणि तिचे पाणी जमिनीखालच्या वाटेने शेतांकडे नेले. वारंवार दुष्काळ सोसणाऱ्या जिल्ह्यात जमिनीखालून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज हीच त्या विहिरीची मोठी कहाणी होय. तेथे ध्वनिक्षेपक लावून निवेदन सुरू केले तर पहिला बळी त्या कहाणीचाच जाईल.

निवेदकाचे राज्य

ध्वनिप्रकाश कार्यक्रमाचा जन्म फ्रान्समधला. पॉल रोबेर-उदँ यांनी १९५२ साली शांबोर येथील राजवाड्यात पहिला कार्यक्रम केला. भारतात दिल्लीच्या लाल किल्ल्यात १९६५ साली तो आला आणि पुढे अनेक किल्ल्यांवर व राजवाड्यांत पसरला. या प्रकाराची थोरवी नाकारता येणार नाही. ज्यांना इतिहासाची पुस्तके वाचावयास मिळाली नाहीत अशा हजारो लोकांना त्याने किल्ल्याच्या अंगणात बसवून इतिहास ऐकवला. कुटुंबासह ऐकण्याची ती एक चांगली रीत होती आणि आहे.

परंतु याचे शिल्प तपासले तर एक गोष्ट लक्षात येते. बहुतेक कार्यक्रमांत वास्तू हा पडदा असतो आणि राज्य निवेदकाचे असते. घोड्यांच्या टापा, तलवारींचा खणखणाट, राण्यांचे हसणे, वर खर्जातला एक भारदस्त आवाज. हे सारे दूरच्या शहरातील ध्वनिमुद्रणशाळेत तयार झालेले असते. तीच ध्वनिफीत दुसऱ्या किल्ल्यावर लावली तर नावे सोडून फारसे काही बदलावे लागणार नाही. ऐकणाऱ्यास प्रसंग कळतो, जागा कळत नाही.

गोवळकोंड्याचे उदाहरण पाहावे. आठ वर्षांपूर्वीपर्यंत संस्थानी हैदराबादेत असलेला बीड जिल्हा १९५६ साली राज्यपुनर्रचनेत त्या शहरापासून वेगळा झाला. जुन्या पिढीला ते शहर परके नव्हते. गोवळकोंड्याच्या फतेह दरवाजाच्या घुमटाखाली टाळी वाजवली की सुमारे एक किलोमीटरवर, टेकडीच्या माथ्यावरील बालाहिसारला ती ऐकू येते, हे प्रसिद्धच आहे. याचा अर्थ काय? वर बसलेल्या सत्तेने खालच्या दरवाजाशी आपला कान लावून ठेवला होता. कोण आले, किती आले, मित्र की शत्रू, हे दिसण्याआधी ऐकू यावे अशी ती योजना. राजसत्तेला भय कशाचे होते, तिने कोणाला दूर ठेवले होते, हे त्या एका टाळीत सामावले आहे. पण अमिताभ बच्चन यांच्या आवाजामुळे नावाजलेल्या तेथील ध्वनिप्रकाश कार्यक्रमाला श्रोते आपापल्या खुर्च्यांवर बसून ध्वनिक्षेपक ऐकत. आणि ती टाळी वाटाड्याची दिवसाची करामत म्हणून उरली. ज्या किल्ल्याने स्वतःच ध्वनीची एवढी योजना केली, त्याच्या अर्थाची किल्ली कार्यक्रमाच्या बाहेर पडून राहावी, हे खेदाचे आहे.

अंदमानच्या सेल्युलर जेलमधील कार्यक्रम या प्रकारातला अधिक विचारी मानला पाहिजे. तेथे आवारातला पिंपळ बोलतो आणि त्याला ओम पुरी यांनी आवाज दिला होता. कैद्यांचे हाल पाहिलेल्या साक्षीदाराच्या तोंडी निवेदन देण्याची ही कल्पना चांगली आहे. त्यामुळे निवेदक सर्वज्ञ राजपुरुष न राहता एक मूक सोबती होतो. सावरकर बंधूंमुळे मराठी माणसाला या तुरुंगाचे विशेष ममत्व आहे. तरीही प्रश्न उरतो. त्या तुरुंगाची रचनाच कैद्याला दुसऱ्याचा आवाज ऐकू येऊ नये अशी होती. एका इमारतीच्या कोठड्यांपुढे दुसऱ्या इमारतीची पाठ येत असे. मग त्या जागेचा खरा ध्वनी सक्तीची शांतता हाच नव्हे काय? तासभराच्या निवेदनात दोन मिनिटे काहीही न ऐकवण्याचे धैर्य एखाद्या दिग्दर्शकाने दाखवले, तर ती दोन मिनिटे श्रोता जन्मभर विसरणार नाही.

आणि ध्वनिक्षेपक नसतानाही आपण जागेचा आवाज कसा बुजवतो, हे पाहायचे असेल तर विजापूरला जावे. गोल घुमट ही मुहंमद आदिलशहाची कबर, १६५६ च्या सुमारास पूर्ण झालेली. घुमटाच्या आतल्या सज्जात भिंतीशी पुटपुटलेले शब्द पलीकडच्या टोकाला ऐकू येतात, कारण आवाज वर्तुळाकार भिंतीला धरून सरकत जातो. एका टाळीचे अनेक पडसाद उमटतात. भिंतीशी हळूच बोललेला शब्द समोरच्याने ऐकावा, ही त्या वास्तूची देणगी. पण सज्जात शंभर माणसे एकाच वेळी शिट्ट्या आणि आरोळ्या मारत असतात, आणि कोणालाच काही ऐकू येत नाही. खाली कबरी आहेत याचा विसर पडलेला असतो. २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आपल्या कबरस्तानात मेणबत्ती लावताना मुलांना ‘हळू बोला’ असे सांगणाऱ्या आपल्या कुटुंबांनी तरी दुसऱ्यांच्या कबरीपाशी ही शिस्त पाळावी. वारसास्थळाचा अर्थ ध्वनीतून लावण्याची पहिली पायरी ऐकणाऱ्याच्या वागणुकीत आहे.

मोजून मग बोलणारे

दुसऱ्या प्रकारच्या प्रयत्नांत अभ्यासक आधी ऐकतात आणि मग बोलतात. त्यांतील तीन उदाहरणे आपल्या वाचकांना जवळची वाटतील.

पहिले कॉन्स्टॅन्टिनोपलच्या हागिया सोफियाचे. ५३७ साली उभे राहिलेले हे महामंदिर नऊशे वर्षे ख्रिस्ती उपासनेचे स्थान होते. १४५३ नंतर ते मशीद झाले, विसाव्या शतकात संग्रहालय, आणि २०२० पासून पुन्हा मशीद. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिसेरा पेंचेवा आणि जोनाथन एबल यांच्या गटाने ते संग्रहालय असताना तेथे फुगे फोडून त्यांचा निनाद मुद्रित केला. फुग्याचा तो एकच स्फोट विरून जाण्यास सुमारे अकरा सेकंद लागतात. त्या मुद्रणावरून वास्तूचा ध्वनी गणिताने वेगळा काढला, आणि ‘कापेला रोमाना’ या गायकवृंदाने हजारो मैल दूर, जणू त्या घुमटाखालीच उभे आहोत अशा तऱ्हेने जुनी बायझंटाइन स्तोत्रे गायिली. २०१९ साली ते मुद्रण प्रसिद्ध झाले. वास्तूला हात न लावता, तेथे आज प्रार्थना करणाऱ्यांना न दुखवता, हरवलेला आवाज परत मिळवण्याचे हे काम स्तुत्य आहे. परंतु समीक्षकाने येथे एक बोट ठेवलेच पाहिजे. त्याच घुमटाखाली सुमारे पाच शतके कुराणपठणही घुमले. निनाद दोघांनाही तोच मिळाला. एका काळाचाच आवाज ऐकवणारे काम सुंदर असूनही अपुरे असते, हे आपण आपल्या आवडीच्या उदाहरणाबाबतही मान्य केले पाहिजे.

दुसरे लंडनचे. कॅथलिक घराण्यात जन्मलेला आणि पुढे अँग्लिकन धर्मगुरू झालेला कवी जॉन डन सेंट पॉल कॅथीड्रलच्या आवारातील उघड्या व्यासपीठावरून प्रवचने देत असे. नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठाच्या जॉन वॉल यांच्या गटाने १६२२ मधील ५ नोव्हेंबरचे त्याचे प्रवचन संगणकाच्या साहाय्याने त्या आवारात उभे केले. श्रोता कोठे उभा आहे आणि गर्दी पाचशेंची आहे की पाच हजारांची, याप्रमाणे ऐकू येणे बदलते. पक्षी, घोडे, कुत्री आणि घड्याळाचे टोले यांचेही आवाज त्यात आहेत. या प्रयोगाचा मोठा गुण म्हणजे त्याचा प्रामाणिकपणा. ते प्रवचन त्या दिवशी खराब हवेमुळे प्रत्यक्षात कॅथीड्रलच्या आत झाले होते, हे अभ्यासकांना ठाऊक आहे आणि ते त्यांनी लपविले नाही. ‘असे झाले’ आणि ‘असे झाले असते’ यांतील अंतर त्यांनी राखले. आपल्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमांत हे अंतर जवळजवळ कधीच राखले जात नाही; राजाच्या तोंडी लेखकाने घातलेले वाक्य लोक इतिहास म्हणून घरी नेतात.

तिसरे पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलचे. १५ एप्रिल २०१९ रोजी ते आगीत सापडले. सुदैवाने फ्रेंच अभ्यासकांनी २०१३ साली तेथील ध्वनीची मोजमापे करून ठेवली होती. पुनर्बांधणीच्या काळात छत, लाकूड, दगड यांबरोबर जुन्या निनादाचाही विचार करता आला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये कॅथीड्रल पुन्हा उपासनेला खुले झाले. मोजमाप आधी झाले होते म्हणूनच हे शक्य झाले, ही गोष्ट पुढे पुन्हा उपयोगी पडेल.

अंबाजोगाईचे शब्द, माजलगावच्या ओव्या

आता पुन्हा बीडकडे वळू. ध्वनीच्या मार्गाने या जिल्ह्याचा अर्थ लावायचा, तर साधन काय आहे?

अंबाजोगाई ही परंपरेने मराठीच्या आद्य कवींपैकी एक मानलेल्या मुकुंदराजांची भूमी. त्यांच्या ‘विवेकसिंधू’चा काळ परंपरा शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ असा सांगते. त्याच गावी दासोपंत राहिले आणि शके १५३७ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. गीतेवर सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ लिहिणारा हा ग्रंथकार कापडावरही लिहीत असे. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा पासोडीवर त्यांनी पंचीकरण हा वेदान्ताचा विषय ओव्यांत मांडला. हे हातात धरून एकट्याने वाचायचे पुस्तक नव्हे. ते पसरायचे, आणि जमलेल्यांना मोठ्याने वाचून समजवायचे. पासोडी आज आपण काचेमागची वस्तू म्हणून पाहतो, पण तिच्या लांबी-रुंदीतच श्रोत्यांची गर्दी गृहीत धरलेली आहे.

याच सुमारास, १६१६ साली, गोव्यात रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ चर्चमध्ये जमलेल्या भाविकांना वाचून दाखवण्यासाठी होता. बालाघाटच्या डोंगरावरचा दत्तोपासक आणि इंग्लंडहून आलेला जेजुइट एकमेकांना ओळखत नव्हते. दोघांनी मात्र आपला विचार लोकांच्या कानी घालण्यासाठी एकच मराठी ओवी निवडली. हत्तीखान्यासारख्या दगडी मंडपात एखादी ओवी सावकाश म्हटली आणि तीच गोव्याच्या एखाद्या जुन्या चर्चमध्ये म्हटली, तर चौथ्या चरणाचा विसावा दोन्हीकडे कसा ऐकू येईल? हा प्रयोग करण्यास मोठा खर्च नाही. एक चांगला मुद्रक, एक शांत पहाट आणि स्पष्ट उच्चाराचा वाचक पुरे. मराठी भाषेच्या दोन धर्मपरंपरांना एका कानाने ऐकण्याची ती रीत ठरेल.

परंतु संत आणि ग्रंथकार यांच्यापाशी थांबलो तर आपणही राजाच्या निवेदकाचीच चूक करू. या जिल्ह्यातील सर्वांत मोलाचे ध्वनिधन जात्यावरचे आहे. गी पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांच्या तांत्रिक साहाय्याने त्यांतील पुष्कळशा ध्वनिमुद्रितही झाल्या. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगर वस्तीत १९९६ साली त्यांनी दलित स्त्रियांच्या ओव्या मुद्रित केल्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपल्या घरचा माणूस मानून गायिलेल्या त्या ओव्या आहेत. पुढे २०१७ साली ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाचे कार्यकर्ते त्याच वस्तीत पुन्हा गेले.

वारसास्थळ म्हणजे फक्त दगडी बांधकाम असे मानले तर भीमनगर हे वारसास्थळ नाही. पण ध्वनीची कसोटी लावली तर तेथे कंकालेश्वराइतकेच मोलाचे काही आहे. देवळाच्या मंडपात ज्यांच्या आजी-पणजींना पाऊल टाकू दिले गेले नाही, त्यांनी जात्याच्या घरघरीत आपला मंडप उभा केला. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली आणि ओव्या म्हणण्याची वेळच उरली नाही. दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडणीसाठी जिल्ह्यातील कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात, तेव्हा वाड्या-तांड्यांवरचे आवाजही त्यांच्याबरोबर जातात. बीडच्या कोणत्याही प्राचीन वास्तूचा ध्वनिकार्यक्रम उद्या कोणी केला आणि त्यात सुलतान, सरदार आणि संत बोलले, पण तो दगड वाहणारे, ते पाणी ओढणारे आणि ते पीठ दळणारे बोलले नाहीत, तर त्या कार्यक्रमाला अपुरा म्हटले पाहिजे. ध्वनिक्षेपक कितीही उत्तम असोत.

घंटा कोणाची

याच कसोटीने आपण आपल्याकडेही पाहावे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तेथील चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून नेल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, भीमाशंकरला आणि मेणवलीला अशा घंटा आजही आहेत. आपल्याकडे त्यांचा उल्लेख निघाला की एक तर हळहळ व्यक्त होते किंवा दुसऱ्या बाजूने अभिमान. ध्वनीच्या दृष्टीने पाहिले तर त्या घंटांची कहाणी दोन्हींहून मोठी आहे. ज्या ओतीव धातूने वसईच्या शेतकऱ्यांना त्रिकाळ प्रार्थनेसाठी हाक दिली, त्याच धातूने पुढे पावणेतीनशेहून अधिक वर्षे दुसऱ्या भाविकांना हाक दिली. स्वर तोच राहिला. त्यात एका समाजाचा पराभव आहे, दुसऱ्याचा विजय आहे आणि दोघांचीही भक्ती आहे. अशा घंटेचा आवाज मुद्रित करून वसईच्या किल्ल्यातल्या भग्न चर्चमध्ये ऐकवावा, आणि तो आज कोठे वाजतो हे दोन वाक्यांत सांगावे. त्यावर निवेदकाने कोणाची बाजू घेण्याची गरज नाही. गोवळकोंड्याच्या टाळीप्रमाणे ती घंटाही पुरेसे सांगते.

या साऱ्या उदाहरणांतून ध्वनियोजनेची पारख करण्यासाठी काही साधे प्रश्न हाती येतात. त्या जागेचा स्वतःचा आवाज ऐकू आला काय, की तो झाकला गेला? जे ठाऊक आहे आणि जे कल्पिले आहे, यांतला फरक श्रोत्याला कळला काय? एकाच काळाचे, एकाच जातीधर्माचे लोक बोलले काय? आणि जे लोक आज तेथे प्रार्थना करतात वा राहतात, त्यांच्या शांततेला धक्का लागला काय? पहिल्या प्रश्नाला आपले बहुतेक ध्वनिप्रकाश कार्यक्रम उत्तीर्ण होत नाहीत. तिसऱ्या प्रश्नाला परदेशातील उत्तम प्रयोगही अडखळतात. बीडमध्ये मात्र पाटी बरीचशी कोरी आहे, म्हणून तेथे आरंभापासून नीट करण्याची संधी आहे. कंकालेश्वर, हत्तीखाना, खजाना विहीर आणि धारूरचा किल्ला यांच्या ध्वनीची मोजमापे आजच झाली पाहिजेत. फरशा बदलल्या, छपरे घातली, पत्र्याचे मंडप उभे राहिले की तो निनाद गेलाच. नोत्र दामचे भाग्य प्रत्येक वास्तूला लाभत नाही.

धर्मग्रामातील कुटुंबांनाही यात काम आहे. चर्चची फरशी बदलण्यापूर्वी, नवे ध्वनिक्षेपक बसवण्यापूर्वी, एका शांत सकाळी रिकाम्या चर्चमध्ये घंटेचा, एका टाळीचा आणि एका जुन्या गीताचा आवाज मुद्रित करून ठेवावा. ज्या आजींना जुन्या चालीवरची रोजरी, लग्नातली गाणी, जात्यावरच्या ओव्या येतात, त्यांना घरी जाऊन ऐकावे आणि त्यांच्या परवानगीने, तारीख आणि गावाचे नाव नोंदवून, तेही जपावे. भीमनगरात १९९६ साली कोणी तरी मुद्रकयंत्र घेऊन गेले, म्हणून तेथील स्त्रियांचा आवाज आज आपल्याला ऐकता येतो. आपल्या गावाकडे तसे कोणी येईल याची वाट पाहण्यात वेळ घालवू नये; आजींचे वय थांबत नाही.